तेच अपडेट पुन्हा पुन्हा फेल होतंय: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने आणि कुठे थांबायचं

विंडोजचं अपडेट एखाद्या वेळी फेल झालं तर काळजीचं कारण नाही. पुष्कळदा दुसऱ्या दिवशी ते आपलं आपण बसतं. इथे विषय आहे तो दर वेळी त्याच जागी अडणाऱ्या अपडेटचा. अशा कॉम्प्युटरवर सर्रास एकच उपाय केला जातो, फॉरमॅट. त्याची गरज फार थोड्या वेळा पडते. दोष बहुतेक करून चार साध्या जागी सापडतो: अर्धवट राहिलेला रीस्टार्ट, सी ड्राइव्हवरची अपुरी जागा, चुकलेलं घड्याळ, नाहीतर नेट.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. सुरुवातीच्या तपासण्यांना काही मिनिटं लागतात आणि त्यात काही बिघडण्याची भीती नसते. शेवटच्या तपासण्यांना तास लागतात आणि तिथे चूक झाली तर डेटा जातो. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लगेच 'चेक फॉर अपडेट्स' दाबून बघा. चार उपाय एकदम केले तर कशाने गुण आला ते कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात तीच अडचण आली की पुन्हा पहिल्यापासून शोधाशोध.

## लक्षणं: अपडेट कुठे अडतं ते आधी बघा

अपडेटचे चार टप्पे असतात: शोधणं, उतरवणं, बसवणं आणि रीस्टार्टच्या वेळी जुन्या फायली काढून नव्या जागेवर ठेवणं. कोणत्या टप्प्यावर गाडी अडली ते बघितलं की निम्मं निदान तिथेच होतं.

'चेक फॉर अपडेट्स' दाबल्यावर ठिपके फिरतच राहिले किंवा अपडेट सेवेशी संपर्क होत नाही असा संदेश आला, तर नेट, घड्याळ, व्हीपीएन (नेटची वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारं सॉफ्टवेअर) किंवा अँटिव्हायरस यांच्याकडे बघायचं.

डाउनलोड शून्यावर बसून राहिलं किंवा रोज त्याच टक्क्याला थांबलं, तर मीटर्ड कनेक्शन (डेटा जपून वापरण्याची सेटिंग), जागा, किंवा आधी अर्धवट उतरलेली खराब फाइल.

डाउनलोड पूर्ण होऊन 'इन्स्टॉलिंग'मध्ये फेल झालं आणि 'रीट्राय'चं बटण आलं, तर जागा किंवा विंडोजच्या स्वतःच्या फायलींमधला बिघाड.

रीस्टार्ट करताना टक्के चढत गेले आणि मग 'अनडूइंग चेंजेस' असं येऊन जुनंच विंडोज परत आलं, तर ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर), बाहेरून जोडलेलं उपकरण, भरलेलं सिस्टिम पार्टिशन (विंडोजने स्वतःसाठी राखलेला डिस्कचा छोटा भाग) किंवा डिस्क.

अपडेट यशस्वी झालं असं हिस्टरीत दिसतं आणि दोन दिवसांनी तेच पुन्हा रांगेत येऊन उभं राहतं, तर तो जवळजवळ नेहमी ड्रायव्हर असतो, बहुधा प्रिंटरचा, आवाजाचा किंवा ग्राफिक्सचा. अशा वेळी विंडोजमध्ये हात न घालता उपकरण बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचा ताजा ड्रायव्हर घेऊन बसवा. अडचण बहुतेक तिथेच संपते.

एक लक्षण मात्र फसवं आहे. काहीच अडत नाही, हिरवी खूण दिसते, पण महिनोन्महिने खरं अपडेट आलेलंच नसतं. त्याचं कारण पहिल्या तपासणीत.

त्याआधी कागद घ्या. सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अपडेट हिस्टरी असं जा (विंडोज १० मध्ये वाटेत 'अपडेट अँड सिक्युरिटी' लागतं). फेल झालेल्या ओळीत केबी अक्षरांनी सुरू होणारा नंबर असतो आणि तिच्यावर क्लिक केलं की एरर कोड दिसतो. दोन्ही लिहून ठेवा. सगळे कोड 'शून्य एक्स'ने सुरू होतात, खरी ओळख पुढच्या आठ अक्षरांत असते. म्हणून इथे फक्त ती आठच लिहिली आहेत. दर वेळी तोच कोड येत असेल तर ती चांगली गोष्ट आहे, कारण दोष एका जागी स्थिर आहे. दर वेळी वेगळा कोड येत असेल तर मला आधी डिस्कचा संशय येतो.

## तुमच्या विंडोजला अपडेट मिळतं तरी का?

स्टार्टमध्ये 'विनव्हर' टाइप करा (इंग्रजी अक्षरांत: winver) आणि एंटर दाबा. छोट्या चौकटीत विंडोज १० की ११ आणि त्याची आवृत्ती दिसते, उदाहरणार्थ २३एच२ किंवा २४एच२.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यानंतर सुरक्षेची अपडेट हवी असतील तर वाढीव मुदतीच्या योजनेत नाव नोंदवावं लागतं. घरगुती वापरासाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. नोंदणीची लिंक विंडोज अपडेटच्या पानावरच दिसते, पण त्यासाठी आवृत्ती २२एच२ असावी लागते आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. विंडोज ११ होम आणि प्रोच्या प्रत्येक आवृत्तीलाही २४ महिन्यांचीच मुदत असते. २३एच२ ची मुदत ११ नोव्हेंबर २०२५ ला संपली.

गोंधळ होतो तो डिफेंडरमुळे, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसमुळे. मुदत संपलेल्या विंडोज १० वरही डिफेंडरची नवी माहिती येत राहते, हिस्टरीत रोज एखादी ओळ वाढते आणि सगळं सुरळीत चाललंय असं वाटतं. म्हणून 'डेफिनिशन अपडेट्स'चा गट बघू नका, 'क्वालिटी अपडेट्स'चा बघा. मायक्रोसॉफ्टचं मुख्य सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतं. त्या गटात गेल्या दीड महिन्यातली एकही ओळ नसेल तर अपडेट बंद आहेत असंच समजा.

## खरा रीस्टार्ट

शटडाउन करून पुन्हा चालू केलं म्हणजे रीस्टार्ट झाला, हा समज फार पसरलेला आहे. बहुतेक कॉम्प्युटरवर 'फास्ट स्टार्टअप' चालू असतं. त्यात शटडाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलला जातो. म्हणजे वापरात असलेली जुनी फाइल वापरातच राहते आणि तिच्या जागी येणारी नवी फाइल ताटकळते. आधीचं एक अपडेट असं अर्धवट राहिलं की पुढचं अपडेट त्यावर बसत नाही.

म्हणून सगळे प्रोग्राम बंद करा आणि पॉवरच्या मेनूतून 'रीस्टार्ट'च निवडा. 'अपडेट अँड रीस्टार्ट' दिसत असेल तर ते. लॅपटॉप असेल तर चार्जर लावा आणि झाकण उघडं ठेवा. झाकण मिटलं की तो झोपतो आणि अपडेट मधेच थांबतं. विंडोज पुन्हा सुरू झाल्यावर दहा मिनिटं काही न उघडता थांबा, मागची उरलेली कामं तेव्हा पूर्ण होतात. मग आणखी एकदा रीस्टार्ट. हे दोन रीस्टार्ट वरवर किरकोळ वाटतात, पण पुष्कळ तक्रारी इथेच मिटतात.

## पॉज, मीटर्ड कनेक्शन आणि बंद केलेली सेवा

विंडोज अपडेटच्या पानावर 'रिझ्यूम अपडेट्स' हे बटण दिसत असेल तर कोणीतरी अपडेट थांबवून ठेवली आहेत. ते बटण दाबून ती सुरू करा. पॉज पाच आठवड्यांपर्यंत करता येतो आणि तेवढा काळही कमी नाही. २०१७ साली वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम ज्या पळवाटेतून जगभर पसरला ती बुजवणारं अपडेट १४ मार्चला निघालं होतं आणि हल्ला झाला १२ मे रोजी. ज्यांनी ते दोन महिन्यांत बसवलं होतं त्यांच्या मशीनमध्ये तो त्या वाटेने शिरू शकला नाही.

मग नेटवर्कच्या सेटिंगमध्ये तुमच्या वायफायच्या नावावर क्लिक करून 'मीटर्ड कनेक्शन' बंद आहे का बघा. ते चालू असलं की विंडोज डेटा वाचवण्यासाठी मोठी अपडेट उतरवतच नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे बऱ्याचदा होतं. हॉटस्पॉटवरच काम चालवायचं असेल तर तात्पुरतं बंद करा, अपडेट उतरलं की परत चालू करा.

तिसरी जागा म्हणजे 'सर्व्हिसेस'. स्टार्टमध्ये तोच शब्द टाइप करून उघडा आणि यादीत 'विंडोज अपडेट' शोधा. स्टार्टअप टाइपच्या खाली 'डिसेबल्ड' असेल तर कॉम्प्युटर वेगवान करतो म्हणणाऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरने किंवा माणसाने सेवा बंद केली आहे. डबल क्लिक करून 'मॅन्युअल' करा, ती मूळ स्थिती. दोन दिवसांनी ती पुन्हा 'डिसेबल्ड' झाली तर ते सॉफ्टवेअर अजून मशीनमध्ये आहे. आधी ते काढा.

## घड्याळ

कोड ८००७२एफ८एफ असेल तर सरळ इथे या. अपडेटच्या सर्व्हरशी जोडणी होताना प्रमाणपत्र तपासलं जातं आणि त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं असतं. तुमचं घड्याळ काही वर्षं मागे असेल तर ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही असा हिशेब होतो आणि जोडणी नाकारली जाते. ब्राउझरमध्ये अनेक साइट सुरक्षित नाहीत असा इशारा येऊ लागला तर तीही याचीच खूण.

'डेट अँड टाइम'मध्ये वेळ आपोआप घेण्याचं बटण चालू करा, टाइम झोन बघा आणि 'सिंक नाऊ' दाबा. एवढ्याने काम झालं तर उत्तम. पण प्लग काढून ठेवल्यावर तारीख पुन्हा मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा बटन सेल संपला आहे. तो बहुतेक डेस्कटॉपमध्ये सीआर२०३२ असतो, ३ व्होल्टचा, नाण्याएवढा. काही वर्षांनी तो संपतोच.

डेस्कटॉपमध्ये हा सेल घरी बदलता येतो. आधी डिस्क एन्क्रिप्ट केलेली (म्हणजे कीशिवाय वाचता न येणारी) आहे का ते 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा 'बिटलॉकर'मध्ये बघा, आणि असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून घ्या. सेल काढल्यावर विंडोज ती विचारू शकतं, आणि की नसेल तर डेटा गेला. मग मशीन बंद करा, वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. सेलच्या कडेला एक छोटी क्लिप असते, ती बोटाच्या नखाने बाहेर ढकलली की सेल स्वतःहून वर उचलला जातो. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, खालचा पत्रा वाकतो. अधिक चिन्ह असलेली, लिहिलेली बाजू वर ठेवून नवा सेल बसवा. पहिल्यांदा चालू करताना बायोस (विंडोजच्या आधी चालू होणारं मदरबोर्डचं सॉफ्टवेअर) सेटिंग पुसल्याचा संदेश येऊ शकतो. आत जाऊन तारीख लावा, बाकी काही बदलू नका. लॅपटॉपचा सेल मात्र घरी बदलू नका. अनेकांत तो वायरीने जोडलेला असतो आणि तिथवर जायला बरंच काही सोडवावं लागतं.

## जागा

८००७००७० हा कोड म्हणजे जागा नाही, एवढं सरळ. पण कमी जागेने फेल झालेलं अपडेट प्रत्येक वेळी हाच कोड देईल असं नाही, म्हणून कोड कोणताही असो, सी ड्राइव्ह बघाच. अपडेटला त्याच्या आकाराएवढीच जागा पुरत नाही. आधी ते उतरतं, मग सुटं होतं, मग बसतं, आणि जमलं नाही तर परत फिरता यावं म्हणून जुन्या फायलीही जपल्या जातात. दरमहाच्या अपडेटला निदान १० जीबी मोकळी असू द्या. आवृत्ती बदलणाऱ्या वर्षातल्या मोठ्या अपडेटला २५ जीबी असली की निर्धास्त.

जागा करायला सेटिंग्जमध्ये सिस्टिम, स्टोरेज, 'टेम्पररी फाइल्स' असं जा. यादी यायला मिनिट लागतं. 'विंडोज अपडेट क्लीनअप' आणि 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन फाइल्स' यांच्यावर निश्चिंत मनाने खूण करा. 'डाउनलोड्स' या ओळीवर मात्र खूण करण्याआधी दोनदा बघा. तो तुमचा रोजचा डाउनलोड फोल्डर आहे, त्यातली कागदपत्रं आणि फोटो सगळे जातात आणि रिसायकल बिनमध्येही सापडत नाहीत. 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' काढलं तर बरीच जागा मिळते, पण आधीच्या आवृत्तीवर परत जाण्याचा रस्ता बंद होतो. नुकतंच मोठं अपडेट झालं असेल आणि सगळं ठीक चालत असेल तर थांबा, ते साधारण दहा दिवसांनी आपोआप निघतं.

## वाटेत येणारी उपकरणं आणि सॉफ्टवेअर

कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर सोडून सगळं काढा: पेन ड्राइव्ह, बाहेरची डिस्क, प्रिंटर, डाँगल, मेमरी कार्ड. 'सी१९००१०१' ने सुरू होणारे कोड मोठ्या अपडेटमध्ये येतात आणि त्यांचं मूळ ड्रायव्हरमध्ये असतं. न लागणारं उपकरण काढलं की त्याचा ड्रायव्हर रस्त्यातून बाजूला होतो.

व्हीपीएन बंद करा. ८००एफ०९२२ या कोडमागे पुष्कळदा तोच असतो (दुसरं कारण भरलेलं सिस्टिम पार्टिशन, त्याबद्दल खाली). वेगळा अँटिव्हायरस बसवलेला असेल तर नुसता 'डिसेबल' करून भागेलच असं नाही, कारण त्याचा ड्रायव्हर चालूच राहतो. लायसन्सचा नंबर लिहून घ्या, तो पूर्ण काढा, रीस्टार्ट करा. विंडोजचा डिफेंडर लगेच ताबा घेतो, त्यामुळे मशीन उघडं पडत नाही. अपडेट झाल्यावर अँटिव्हायरस परत बसवा.

## ट्रबलशूटर आणि डाउनलोडचा फोल्डर

विंडोज ११ मध्ये सिस्टिम, ट्रबलशूट, 'अदर ट्रबलशूटर्स' इथे विंडोज अपडेटचा ट्रबलशूटर आहे. चालवा, पाच मिनिटांचं काम. त्याने काही सापडलं नाही म्हटलं तरी निराश होऊ नका, त्याची नजर वरवरचीच असते.

त्यानंतर हा उपाय, ज्याच्यावर माझा सर्वांत जास्त भरवसा आहे. उतरलेली अपडेट सी ड्राइव्हवर 'विंडोज' फोल्डरमध्ये, त्याच्या आत 'सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन'मध्ये, त्याच्या आत 'डाउनलोड'मध्ये साठतात. नेट तुटून किंवा वीज जाऊन त्यातली एखादी फाइल खराब झाली तर विंडोज तीच खराब फाइल पुन्हा पुन्हा उचलत राहू शकतं. ती काढली की नवी उतरते.

'सर्व्हिसेस' उघडा. 'विंडोज अपडेट'वर राइट क्लिक करून 'स्टॉप'. मग 'बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस'वर तेच. सेवा थांबायला तयार नसेल तर रीस्टार्ट करून लगेच हे करा. आता 'डाउनलोड' फोल्डर उघडा, आतलं सगळं निवडा आणि डिलीट करा. फोल्डर तसाच राहू द्या. शेजारच्या 'डेटास्टोअर'ला हात लावू नका, अपडेटची हिस्टरी तिथे असते आणि ती तुम्हाला पुढे लागणार आहे. एखादी फाइल वापरात आहे असं आलं तर सेवा पुन्हा सुरू झाली आहे, परत थांबवा. झालं की दोन्ही सेवा 'स्टार्ट' करा, रीस्टार्ट करा आणि अपडेट शोधा. या वेळी डाउनलोड शून्यापासून होईल, तो वेळ धरून चला.

## इथून पुढे जाण्याआधी: डिस्क आणि बॅकअप

पुढचे उपाय डिस्कवर तासन् तास लिहा-वाचायचं काम करतात. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर तो भार टाकला तर उरलेला डेटाही जातो. म्हणून आधी या खुणा बघा: हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येतो, साधा फोल्डर उघडायला अर्धं मिनिट लागतं, काही चालू नसताना टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर अडकून राहते, फायली कॉपी होताना मधेच थांबतात. विंडोज ११ मध्ये एनव्हीएमई एसएसडी (वेगवान, फिरते भाग नसलेली डिस्क) असेल तर स्टोरेजच्या प्रगत सेटिंगमध्ये 'डिस्क्स अँड व्हॉल्यूम्स', मग त्या डिस्कचे गुणधर्म, तिथे तब्येत आणि उरलेलं आयुष्य दिसतं.

यातलं काही आढळलं तर अपडेटचा नाद सोडा. आधी डेटा दुसरीकडे हलवा, मग डिस्क बदला. खुणा नसल्या तरी कागदपत्रं, फोटो आणि रिकव्हरी की यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## विंडोजच्या फायलींची दुरुस्ती

कोड ८००७३७१२ म्हणजे विंडोजच्या घटकांचा साठाच बिघडला आहे. इतर उपायांनी न हटणाऱ्या कोडनाही हे करून बघण्यासारखं आहे. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा आणि 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. दोन कमांड आहेत, दोन्ही इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. पहिली:

डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ (DISM /Online /Cleanup-Image /RestoreHealth)

प्रत्येक तिरप्या रेघेच्या आधी एक स्पेस, रेघेनंतर स्पेस नाही. 'पर्याय ओळखता येत नाही' असं आलं तर बहुतेक वेळा हीच चूक असते. ही कमांड बराच वेळ एकाच टक्क्यावर थांबल्यासारखी दिसते, पण आत काम चालू असतं. अर्धा-पाऊण तास तरी विंडो बंद करू नका. ती पूर्ण झाल्यावर दुसरी:

एसएफसी /स्कॅननाऊ (sfc /scannow)

क्रम हाच ठेवा. दुसरी कमांड बिघडलेल्या फाइलच्या जागी विंडोजच्या साठ्यातली चांगली प्रत ठेवते, आणि साठाच बिघडलेला असेल तर तिला चांगली प्रत मिळत नाही आणि दुरुस्ती अडते. म्हणून आधी साठा दुरुस्त. शेवटी 'दोष सापडले आणि दुरुस्त केले' असं आलं की रीस्टार्ट करून अपडेट करा. 'काही दुरुस्त करता आले नाहीत' असं आलं तर दुसरी कमांड आणखी एकदा चालवा.

पहिली कमांड ८००एफ०८१एफ देऊन थांबली तर तिला चांगल्या फायली कुठे मिळाल्या नाहीत. त्या ती विंडोज अपडेटमधूनच आणते, आणि तुमचं तर तेच बिघडलेलं आहे. अशा वेळी इथे डोकं आपटत न बसता खालच्या उपायाकडे जा.

एकच विशिष्ट अपडेट अडत असेल तर मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉग या साइटवर केबी नंबर टाकून ते हाताने उतरवता येतं. तुमची आवृत्ती आणि प्रोसेसरचा प्रकार जुळणारी ओळच निवडा. उतरवताना एकाहून जास्त फायली दिसल्या तर सगळ्या एकाच फोल्डरमध्ये ठेवा.

## वरून दुरुस्ती, डेटा न जाता

विंडोज ११ च्या २२एच२ पासूनच्या अद्ययावत आवृत्तींमध्ये सिस्टिम, रिकव्हरी इथे 'फिक्स प्रॉब्लेम्स यूझिंग विंडोज अपडेट' असा पर्याय आहे. तो चालू आवृत्तीच पुन्हा बसवतो आणि तुमच्या फायली, प्रोग्राम, सेटिंग जागच्या जागी ठेवतो. त्याच्याच खाली 'रीसेट धिस पीसी' आहे. ते वेगळं आहे, त्यात बसवलेले प्रोग्राम जातात. घाईत नजर चुकते, म्हणून बटणावरचे शब्द नीट वाचा.

विंडोज १० वर, किंवा हा पर्याय चालत नसेल तर, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आयएसओ फाइल (विंडोज बसवण्याचं सगळं साहित्य असलेली एकच फाइल) घ्या, चालू विंडोजमध्येच तिच्यावर डबल क्लिक करा आणि 'सेटअप' चालवा. 'फायली आणि ॲप ठेवा' या पर्यायावर खूण आहे याची खात्री करूनच पुढे जा. तो पर्याय फिका दिसत असेल तर आयएसओची भाषा किंवा प्रकार तुमच्या विंडोजशी जुळत नाही. तिथे बाहेर पडा आणि योग्य आयएसओ घ्या.

रीस्टार्टमध्ये टक्के एका जागी थांबले तरी पॉवरचं बटण दाबू नका. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे. जुन्या हार्ड डिस्कवर दोन-तीन तास जाऊ शकतात. नंतर विंडोज सुरूच झालं नाही तर बहुधा दोन-तीन अपयशी प्रयत्नांनंतर दुरुस्तीचा निळा मेनू येतो. त्यात ट्रबलशूट, प्रगत पर्याय, 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे. शेवटचं क्वालिटी अपडेट तिथून काढता येतं.

## इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

डिस्क आवाज करत असेल किंवा तिची तब्येत खराब दिसत असेल. रिकव्हरी की विचारणारा पडदा आला आणि की सापडत नसेल. काम करताना मधेच निळा (नव्या विंडोज ११ मध्ये काळा) पडदा येऊन मशीन बंद पडत असेल, कारण तेव्हा रॅमचाही संशय असतो. बायोसचं अपडेट करावं लागणार असेल आणि ते कधी केलेलं नसेल, कारण ते चालू असताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. आणि वरून दुरुस्ती करूनही तोच कोड येत असेल.

पार्टिशनचा आकार बदलायची वेळ आली तरही थांबा. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० साठी आलेलं केबी५०३४४४१ अनेक मशीनवर ८००७०६४३ देऊन अडलं, कारण त्याला रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा हवी होती आणि तिथे ती नव्हती. सी ड्राइव्हवर कितीही जागा केली तरी त्याचा उपयोग नव्हता. ८००एफ०९२२ मध्येही भरलेलं पार्टिशन हे एक कारण असतं. या कामात एक चुकीचा आकडा सबंध डिस्क पुसू शकतो. शिकण्यासाठी ही जागा योग्य नाही.

मशीन देताना केबी नंबर, कोड, कोणत्या टप्प्यावर अडतं आणि तुम्ही काय काय केलंत ते लिहिलेला तो कागद सोबत द्या. त्याने तासाभराचं काम वाचतं. डेटाची प्रत घेतल्याशिवाय फॉरमॅट करू नका असं स्पष्ट सांगा. काही ठिकाणी अपडेट सेवाच बंद करून मशीन परत दिलं जातं. एरर दिसेनाशी होते, पण सुरक्षेचं अपडेटही पुन्हा कधी येत नाही. म्हणून मशीन परत घेताना तिथेच 'सर्व्हिसेस' उघडा, 'विंडोज अपडेट'समोर 'डिसेबल्ड' नाही ना ते बघा, 'चेक फॉर अपडेट्स' दाबा, आणि हिस्टरीतल्या क्वालिटी अपडेट्समध्ये तुमच्या कागदावरचा केबी नंबर किंवा त्यानंतरचं अपडेट यशस्वी म्हणून आलंय का ते स्वतः वाचा.